पांढऱ्याने केला घात

रविवारी सकाळी खांद्यावर जुना टॉवेल टाकून गॅलरीत केसांना डाय लावत बसलो होतो, टूथब्रशनेच, कारण पाकिटातला ब्रश कुठे गेला देव जाणे. संध्याकाळी पुतणीचा साखरपुडा. शेजारी स्टुलावर एक थ्रिलर उपडा ठेवलेला, रेसचे घोडे आणि नकली पेंटिंग्ज दोन्ही एकाच गोष्टीत, आदल्या रात्री दीडपर्यंत वाचला. मजा आली, पण त्यातले चोर फारच हुशार हो, कुठे काही विसरतच नाहीत. तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, कान पण रंगवणारेस का?" आणि मला फाइन कॉटन आठवला.

फाइन कॉटन म्हणजे ऑस्ट्रेलियातला एक घोडा, तसा सुमारच. १८ ऑगस्ट १९८४ ला ब्रिस्बेनच्या ईगल फार्म रेसकोर्सवर त्याच्या नावाने भलताच घोडा पळवायचा असा एका टोळीचा प्लॅन. सेम टू सेम दिसणारा घोडा घेऊनही ठेवलेला, तो नेमका जखमी झाला. आता शहाण्या माणसाने गप घरी बसावं ना, पण नाही, यांनी बोल्ड पर्सनॅलिटी नावाचा त्याच्यापेक्षा कितीतरी तगडा घोडा आणला, ज्याचा रंगच वेगळा! मग काय, त्याला चक्क माणसांचा हेअर डाय फासला. आख्खा घोडा! माझ्या एवढ्याशा डोक्याला एक पाकीट पुरत नाही. फाइन कॉटनचे मागचे पाय पांढरे होते, ते जमवायला पेरॉक्साइड, म्हणजे केसांचा रंग उडवणारं केमिकल, लागणार होतं, तेच आणायचं विसरले, म्हणून पायांना पांढरा पेंट मारला.

त्यात ही बातमी इतक्या जणांना आधीच फुटलेली की सगळे त्याच्यावरच पैसे लावायला धावले आणि ३३ ला १ असलेला भाव (म्हणजे एक लावला तर ३३ मिळणार) रेस सुटेपर्यंत साडेतीनाला १ वर आला. घोडा जिंकला, अगदी थोडक्यात, पण जिंकला. आणि परत येताना पायांवरून पेंट ओघळतोय! पब्लिकने ओरडायला सुरुवात केली, घोडा बाद, ट्रेनर पसार, नंतर सापडला आणि जेलमध्ये गेला.

दुसरी केस जर्मनीतली, त्यातही घोडेच, पण चित्रातले. २००६ साली कोलोनच्या एका लिलावात लाल रंगातलं घोड्यांचं एक पेंटिंग २८ लाख ८० हजार युरोला गेलं, हाइनरिश काम्पेनडोंक यांचं, १९१४ सालचं, असं सांगून. काढलेलं होतं वोल्फगांग बेल्ट्राकी नावाच्या पठ्ठ्याने. हा मात्र थ्रिलरमधल्या चोरांच्या तोडीचा. जुन्या बाजारातून जुने कॅनव्हास आणायचा, मागे जुन्या कलेक्शनचं खोटं लेबल चिकटवायचा आणि कळस म्हणजे बायकोला तिच्याच आजीसारखे कपडे घालून, भिंतीवर आपलीच पेंटिंग्ज टांगून, जुन्या फोटोपेपरवर तिचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढलेला, की बघा, आजीच्या घरात होती ही चित्रं! (आमच्याकडे साधा आधारकार्डाचा फोटो काढायचा म्हटलं तर दोन दिवस साडी ठरत नाही.) एवढं सगळं करून सापडला कशात, तर पांढऱ्या रंगात. लॅबमध्ये त्या चित्रात टायटॅनियम व्हाइट निघाला, जो १९१४ मध्ये चित्रकारांना मिळतच नव्हता. रंगाची तयार ट्यूब वापरली आणि तिच्यावर आत टायटॅनियम आहे असं लिहिलेलंच नव्हतं, असं त्याने नंतर सांगितलं. २०११ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली.

म्हणजे एकाकडे पेरॉक्साइड नाही, दुसऱ्याने ट्यूब तपासली नाही. पुस्तकात असं लिहिलं असतं तर मीच म्हणालो असतो, छे, काहीतरीच, एवढा बावळट कोण असतो.

हे सगळं लेकीला रंगवून सांगत बसलो, त्या नादात वीस मिनिटांची पस्तीस झाली, धावत जाऊन डोकं धुतलं. बाहेर आलो तर बायको दारातच उभी. डोक्याकडे बघितलं, मग जरा खाली बघितलं आणि हसायलाच लागली.

"अहो, मिशी?"

पाकीट संपलं होतं.