साखर आपोआप सुधारली तेव्हा

मेडिसिन विभागात काम करणाऱ्यांना कॅज्युअल्टीतून सकाळी येणारे निम्मे फोन एकाच वाक्याने सुरू होतात. "मॅडम, पॅरालिसिसचा पेशंट दिसतोय." त्या दिवशीचाही तसाच होता. साठी ओलांडलेले गृहस्थ, पहाटेपासून असंबद्ध बोलत होते, उजवा हात नीट उचलत नव्हता, अंग घामाने भिजलेलं. सोबत पत्नी आणि मुलगा. सीटी स्कॅनचा फॉर्म भरून तयार होता. मी पोचेपर्यंत सिस्टरांनी बोटातून थेंब काढून साखर पाहिली होती. ३४.

२५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, शिरेतून गेलं आणि काही मिनिटांत काका म्हणाले, "मला इथे कशाला आणलंय?" हातही उचलला. साखर फार उतरली की अर्धांगवायूचं हुबेहूब सोंग उभं राहू शकतं, म्हणून बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या माणसाची साखर सगळ्यात आधी बघायची, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकून घेतलेलं असतं. आमच्या कामात इतक्या झटपट मिळणारं यश फार थोडं. सगळे खूश होते. आमच्या रेसिडेंटने तर पुढचा बेतही सांगून टाकला, "गोळी जास्त होतेय. अर्धी करतो, संध्याकाळपर्यंत ठेवतो, घरी सोडतो."

मुलाने मोबाइलमध्ये जपून ठेवलेले रिपोर्ट दाखवले. काकांचा मधुमेह १७ वर्षांचा. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, बरीच वर्षं नऊच्या आसपास असायची. गेल्या वर्षभरात ती उतरत उतरत ५.९ वर आली होती. गोळ्यांचा डोस आधीच एकदा कमी झाला होता. "आता गोळ्या सुटतीलच बहुतेक," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि तो साहजिकच होता.

मी काकांना विचारलं, "या वर्षात तुम्ही काय बदललंत?"

काहीच नाही. वजन साधारण तेवढंच. चालणं उलट कमी झालेलं, कारण गुडघे दुखतात. खाण्यापिण्यात नवं पथ्य नाही. औषध तेच, तेही कमी केलेलं.

इथे माझं मन अडकलं. मधुमेहात साखर सुधारायला कारण लागतं. वजन उतरलं, व्यायाम वाढला, औषध बदललं, असं काहीतरी. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची ताकद या आजारात वर्षागणिक कमी होत जाते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासातून हे स्पष्ट झालं होतं, आणि निदान होतं त्या दिवशीच ती ताकद जवळजवळ निम्म्यावर आलेली असते, असा अंदाजही त्याच अभ्यासातला. म्हणजे १७ वर्षांनंतर औषध वाढत जायला हवं. इथे ते कमी होऊनही साखर ३४ वर उतरत होती. कशामुळे?

रेसिडेंटला म्हटलं, घरी सोडायचं नाही. क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन पाठव, लघवी पाठव, दर तासाला साखर बघ.

रिपोर्ट यायच्या आधीच उत्तर बरंचसं काकांच्या अंगावर लिहिलेलं होतं. खालची पापणी ओढून पाहिली तर पांढुरकी. घोट्यांवर बोट दाबलं की खड्डा राहत होता. पाठीवर खाजवल्याचे ओरखडे. ब्लडप्रेशर १७०/१००. मग विचारपूस. रात्री लघवीला उठावं लागतं? हो, तीन-चारदा, पण ते प्रोस्टेटमुळे असेल. लघवीला फेस येतो? येतो, बरीच वर्षं. खाज? त्वचा कोरडी पडते वयानुसार. थकवा? आता वय झालं. तोंडाला चव नसणं? त्या गोळ्यांमुळे. प्रत्येक लक्षणाला घरातल्या कुणीतरी एक समजूतदार कारण शोधून दिलं होतं, आणि एकेकटं घेतलं तर त्यातलं एकही चूक म्हणता आलं नसतं.

गुडघ्यासाठी काय घेता, असं विचारल्यावर काकूंनी पिशवीतून पट्टी काढली. वेदनाशामक. डॉक्टरांनी मागे कधीतरी आठवड्यापुरतं दिलेलं, ते वर्षभर चाललेलं.

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा आणि ती दमली की रक्तात साचणारा कचरा, ३.८ आलं. हिमोग्लोबिन ८.४. ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळू शकतात याचा हिशेब, १७. साठीच्या पुढे तो साठच्या वर असावा अशी अपेक्षा असते.

आता साखरेचं कोडं सुटतं. शरीरातलं इन्सुलिन मोडून टाकण्याच्या कामात यकृतासोबत मूत्रपिंडाचाही मोठा वाटा असतो. मूत्रपिंड खंगलं की तेच इन्सुलिन रक्तात जास्त वेळ टिकतं. उपाशीपोटी मूत्रपिंड स्वतः थोडी साखर तयार करतं, तेही घटतं. त्यात काकांची गोळी ग्लिबेनक्लामाइड. यकृतात तिचं रूपांतर होऊन जे पदार्थ तयार होतात तेही साखर उतरवतात, आणि ते लघवीवाटे बाहेर जायला हवे असतात. वाट बंद, म्हणून ते साचत जातात. अशा माणसाला एका इंजेक्शनवर शुद्धीत आणून घरी पाठवलं तर तो रात्री पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. दुपारी दोनच्या सुमाराला, ड्रिप चालू असतानाही, काकांची साखर ५२ वर आली. रेसिडेंटने माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलले नाही. तो शिकला होता.

आणि ते ५.९? तोही फसवा आकडा. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यावर साखर चिकटत जाते, त्यावर ही तपासणी उभी आहे. मूत्रपिंड निकामी होताना पेशींचं आयुष्य घटतं, साखर चिकटायला वेळच कमी मिळतो, आकडा खोटा खाली येतो. मूत्रपिंडं रक्तपेशी तयार करायला सांगणारं संप्रेरकही बनवतात. ते घटल्यामुळे पांढरी पापणी आणि थकवा.

दुपारी मी ती जुनी फाइल घेऊन बसले. मला हे काम आवडतं, खरं सांगायचं तर रुग्ण तपासण्याइतकंच. काका ५८ वर्षांचे असताना क्रिएटिनिन ०.९. साठाव्या वर्षी १.२. त्रेसष्टाव्या वर्षी १.४. गेल्या वर्षी २.१. पहिल्या दोन रिपोर्टांवर काहीच खूण नाही, कारण दोन्ही आकडे छापील मर्यादेच्या आत. पण वय धरून हिशेब केला तर ०.९ म्हणजे ईजीएफआर ९९ आणि १.२ म्हणजे ६९. दोन 'नॉर्मल' रिपोर्टांच्या मधल्या जागेत जवळजवळ एक तृतीयांश क्षमता गेली होती. १.४ ला ५६. २.१ ला ३४. त्यानंतरच्या वर्षभरात ती निम्म्यावर आली, आणि त्या वर्षात भर पडली होती ती वेदनाशामकाची.

या ओळींत मधुमेही मूत्रपिंडाची सगळी चाल दिसते. सुरुवातीला तर गाळण्याचा वेग वाढतो, कमी होत नाही. साखरेमुळे सूक्ष्म गाळण्यांत दाब चढतो, त्यांचा पडदा जाड होत जातो, मधली जागा भरत जाऊन तिथे गाठी होतात. त्या गाठी १९३६ साली किमेलस्टील आणि विल्सन यांनी शवविच्छेदनात पाहून वर्णन केल्या होत्या. मग गाळणीतून अल्ब्युमिन हे प्रथिन झिरपू लागतं. लघवीत ते ग्रॅमभर क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की धोक्याची पहिली खूण, ३०० च्या वर गेलं की नुकसान चांगलंच पुढे गेलेलं. एका मूत्रपिंडात साधारण दहा लाख गाळण्या असतात. काही बाद झाल्या की दहा जणांचं काम सहा जणांवर पडावं तसं उरलेल्यांवर ओझं येतं, आणि त्या ओझ्याने त्याही बाद होत जातात. म्हणून साखर पुढे आवरली तरी घसरण थांबेलच असं नाही. या सगळ्या काळात माणसाला दुखत काहीच नाही. पुस्तकात दिलेली लक्षणं, खाज, मळमळ, सूज, ती यायला लागेपर्यंत बहुतेक मूत्रपिंड गेलेलं असतं. लक्षणांची यादी पाठ करून हा आजार वेळेवर सापडत नाही. लघवीची एक साधी तपासणी वर्षातून एकदा केली तर सापडतो. काकांच्या फाइलमध्ये ती तपासणी नव्हती.

दुपारच्या फेरीत एक गोष्ट काकांनी आपणहून सांगितली. मी पायाच्या तळव्याला नायलॉनचा तो तंतू लावत होते, १० ग्रॅमचा दाब पडला की वाकतो तो. डोळे मिटून सांगा, कुठे लागतंय. काका गप्प. दहा ठिकाणी लावला, एका ठिकाणी 'हो' म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "आधी पायांची इतकी आग व्हायची की झोप लागत नसे. दोन वर्षांपूर्वी ती आपोआप थांबली. तेव्हापासून पाय छान आहेत."

पाय छान नव्हते. आग होते तोवर मज्जातंतू निदान ओरडत तरी असतो.

तिसरी बातमी सोनोग्राफीची. मुलगा रिपोर्ट घेऊन जवळजवळ धावतच आला. "मॅडम, किडन्यांचा आकार नॉर्मल लिहिलाय!" बऱ्याच जुनाट विकारांत मूत्रपिंडं आक्रसतात. मधुमेहात ती शेवटापर्यंत पुरेशी मोठी राहू शकतात. हेही मलाच सांगावं लागलं. एका दिवसात त्या घराच्या तीन चांगल्या बातम्या मी एकेक करून काढून घेतल्या. साखरेची, पायांची, आकाराची. त्यांचा राग माझ्यावर निघाला असता तर मला आश्चर्य वाटलं नसतं.

हे फक्त मधुमेहाचं नाही. वर्षानुवर्षं चढं राहिलेलं ब्लडप्रेशर औषध न वाढवता खाली आलं की मी हृदयाचे ठोके जास्त वेळ ऐकते. पंप दमला की दाबही उतरतो. दम्याच्या जोरदार झटक्यात छातीतली शिट्टी अचानक थांबली आणि माणूस मात्र गळून गेलेला असला, तर धावायचं, कारण शिट्टी वाजण्याइतकी हवाच आत जात नाहीये. धूम्रपानाने फुप्फुसं गेलेले लोक ओपीडीत येऊन सांगतात, "हल्ली दम लागत नाही." खोदून विचारलं की कळतं, ते जिने चढायचे थांबलेत, मग चालायचे थांबलेत. आजाराने आयुष्य आखडतं आणि माणसाला तब्येत सुधारल्यासारखी वाटते. उलट संधिवाताच्या बायका लवकर येतात. सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, दुखतं, कुणाला ना कुणाला दाखवावंच लागतं. दुखण्याचा हा एक उपयोग.

संध्याकाळी बोलणं झालं. काकांनी तो प्रश्न विचारलाच, "एवढं सगळं बिघडलं होतं, तर मला काही होत कसं नव्हतं?" मी म्हटलं, "होत होतं काका, पण त्यातलं काही दुखत नव्हतं." काकू बराच वेळ बोलल्या नाहीत, मग त्यांनी वेदनाशामकाची पट्टी माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "हिच्यामुळे?" एकट्या हिच्यामुळे नाही, हे मी ठासून सांगितलं. घरात एका माणसाने अपराध उचलून घेतला की पुढची वर्षं उपचारांऐवजी त्यावरच जातात, हे मी पाहिलेलं आहे.

पट्टी बंद झाली, ग्लिबेनक्लामाइड बंद, ईजीएफआर ३० च्या खाली म्हणून मधुमेहाची दुसरी गोळी, मेटफॉर्मिन, तीही बंद. साखर वर जायला लागली तेव्हा अगदी थोडं इन्सुलिन. डाव्या हाताच्या कोपराखालच्या शिरांना सुई लावायची नाही, अशी मोठी सूचना फाइलवर लिहिली. पुढे डायलिसिस लागलं तर फिस्टुला, म्हणजे शीर आणि धमनी यांचा जोड, तिथे करावा लागतो आणि टोचून टोचून खराब झालेल्या शिरेवर तो टिकत नाही. त्या सूचनेने मुलगा घाबरला, पण ती लिहिण्याची वेळ आत्ताचीच असते. नेत्रतज्ज्ञांना पडद्यावर रक्ताचे ठिपके दिसले, लेझर ठरलं. मूत्रपिंडाला राखणाऱ्या नव्या गोळ्या, एसजीएलटी-२ गटातल्या, ज्यांचा फायदा २०१९ आणि २०२० च्या मोठ्या अभ्यासांत दिसला, त्या सुरू करायला ईजीएफआर साधारण २० तरी लागतो. काकांचा १७. तो दरवाजा थोडक्यात हुकला असं मला तेव्हा वाटलं.

काही आठवड्यांनी क्रिएटिनिन ३.१ वर आलं. वेदनाशामकाने केलेलं नुकसान तेवढं भरून निघालं होतं, मधुमेहाने केलेलं नाही. ईजीएफआर २१. नेफ्रॉलॉजिस्टने ती गोळी सुरू केली. काका मात्र नाराज होते, कारण जेवणानंतरची साखर १८० दाखवत होती आणि पूर्वी ती ११० यायची. मी म्हटलं, १८० असू द्या.

मुलालाही चार वर्षांपासून मधुमेह आहे, हे त्याने त्या भेटीत जाता जाता सांगितलं. क्रिएटिनिन ०.९, म्हणून तो निर्धास्त होता. लघवी तपासली, अल्ब्युमिनचं प्रमाण ६४ आलं. एका तपासणीवर शिक्का मारायचा नसतो. ताप, जास्त व्यायाम, लघवीतला जंतुसंसर्ग, यांनीही ते चढतं. तीन महिन्यांत आणखी दोनदा बघायचं, तिन्हींपैकी दोन वाढलेले आले तर उपचार. दुसरा रिपोर्ट ५८ आला. तिसऱ्यासाठी थांबलो नाही, औषध सुरू केलं. ब्लडप्रेशरचं औषध कशाला, माझं ब्लडप्रेशर तर ठीक आहे, असं त्याने विचारलं तेव्हा मी कागदावर गाळणीचं चित्र काढून तिच्यातला दाब दाखवायला बसले आणि ओपीडी अर्धा तास लांबली.