पहिली ओळ

"सायेब, बोरॉन टाकलं, पाणी नेमानं दिलं, तरी फळं उलत्यातच बगा." सांगोल्याकडच्या अण्णांचा फोन. डाळिंबाची बाग, भगवा वाण, मृग बहार म्हणजे पावसाच्या तोंडाला धरलेला, आणि पावसाची झड सुरू.

पाण्याच्या कमीजास्तीनं फळ तडकतं तेव्हा साल डागाळलेली नसते. तेल्या या जिवाणूंच्या रोगात आधी काळपट डाग पडतो आणि चीर त्या डागातूनच जाते, एल किंवा वाय अक्षरासारखी. अण्णांच्या फळांवर वाय होता. पान उजेडाकडे धरलं तर डाग तेल सांडलेल्या कागदासारखा, भोवती पिवळं वलय. दुकानदारानं मोबाईलवरचा फोटो बघून बुरशी ठरवली होती आणि तीन फवारण्या गळ्यात मारल्या होत्या. डाग उजेडात धरायला पैसे पडत नाहीत, पण त्यातून बाटलीही खपत नाही.

गाडीत माझा जुना सूक्ष्मदर्शक असतो. डागाच्या कडेचा तुकडा ब्लेडनं कापला, थेंबभर पाण्यात ठेवला, वर काच. थोड्या वेळात कापलेल्या कडेतून धुरासारखा लोट निघाला. तो लोट जिवाणूंचा; बुरशीत असं होत नाही. अण्णा डोळा लावून म्हणाले, "ह्यो जित्ता हाय व्हय?" खरं सांगायचं तर हा क्षण मला दर वेळी आवडतो. बाग कुणाची का जाईना.

पुढचं नेहमीचं: रोगट फळं-फांद्या डागाच्या दोन इंच खाली कापून बागेबाहेर जाळा, कापांवर 10 टक्क्यांची बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याची) लावा, पुढचा बहार हस्ताचा, म्हणजे पाऊस सरतानाचा धरा.

कुठवर पसरलंय म्हणून झाडं मोजत निघालो. बांधालगतच्या पहिल्या ओळीत 40 पैकी 27 झाडं. दुसरीत तीन. आणि पहिलीतल्या फांद्यांवरचे काळे चट्टे बहुतेक छाटणीच्या कापाला लागूनच.

मे महिन्यात छाटणी कशी करायची ते टोळीला दाखवायला ती ओळ मीच छाटली होती. सकाळी दुसरी एक बाग उरकून, खिशात तीच कात्री घेऊन आलो होतो. दर झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक पाण्यात बुडवायची, यावर मी त्या दिवशी अर्धा तास बोललो, हे पक्कं आठवतं. बादली होती का, ते आठवत नाही.

बांधापलीकडे एक सोडून दिलेली बाग आहे, तेल्यानं खाल्लेली. वारा तिकडूनच येतो, पावसाचे शिंतोडे घेऊन. पण मग दुसऱ्या ओळीत तीनच का? आणि चट्टे कापालाच का धरून?

"त्येनं बाग मोडली न्हाई, त्येचाच परसाद," अण्णा बांधाकडे बघत म्हणाले.

"असंल," मी म्हटलं.

निघताना त्यांनी फीसाठी पाकीट काढलं. मी घेतली नाही. अडचणीचे दिवस ओळखणारा माणूस, असं ते मुलाला सांगत होते.