पाळण्यात बसा, पण ओरडू नका

कोरोनामुळं बंद असलेली राज्यातली करमणूक उद्यानं 22 ऑक्टोबर 2021 पासून पुन्हा सुरू होणार, ही बातमी आमच्या घरात सगळ्यांत आधी वाचली ती पुण्याच्या भाच्यानं. लगेच फोन. "मामा, दिवाळीत इमॅजिका!" बातमीचा पुढचा भाग साहेबांनी वाचलाच नव्हता. परवानगी फक्त कोरड्या खेळांना होती, पाण्यातले खेळ बंदच. शिवाय ताई भाऊबीजेला कोल्हापुरात येणार आणि इमॅजिका खोपोलीजवळ, म्हणजे पुण्याच्याही पलीकडं. पुण्याहून इकडं यायचं, पुणं ओलांडून तिकडं जायचं आणि परत पुण्यात. "त्यापेक्षा तुम्ही तिकडनंच जावा की," मी म्हटलं. तर म्हणे, मामाशिवाय मजा नाही. मामाशिवाय म्हणजे मामाच्या पाकिटाशिवाय, एवढं आता कळतं.

शेवटी ठरलं ते असं: भाऊबीज शनिवारी, त्यामुळं रविवारी 7 नोव्हेंबरला सकाळी कणेरी मठ आणि संध्याकाळी रंकाळा. भाचा तेरा वर्षांचा, त्याचं तोंड तिथंच उतरलं. "पुतळे बघायचे? राइड कुठाय त्यात?" भाची आठ वर्षांची. तिला जिथं भेळ मिळेल ते सगळं चालतं. आई मात्र आपणहून म्हणाली, मी येणार. दोन डोस झाल्यापासून ती कुणाच्या बापाला ऐकत नव्हती.

त्या उन्हाळ्यात कोल्हापूरनं काय सोसलं होतं, ते इथं राहणाऱ्यांना सांगायला नको. राज्यात बाकीकडं दुसरी लाट उतरली तरी आमचे आकडे उतरेनात, दुकानांची शटरं अर्धी वर आणि अर्धी खाली. तेवढ्यात जुलैत पंचगंगेचा पूर. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, गाव तुटलेलं. 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेला, देवळं उघडली आणि मग कुठं लोक जरा सैल झाले. त्यामुळं कुठल्याही दारात 'सुरू आहे' अशी पाटी दिसली की आत शिरायचं, अशीच सगळ्यांची अवस्था होती.

गाडीत भाच्यानं आजीला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. जपानमधल्या फुजी-क्यू हायलँड या उद्यानाचा, 2020 च्या उन्हाळ्यातला. तिथं फुजियामा नावाचा 79 मीटर उंचीचा रोलर कोस्टर आहे. टाळेबंदीनंतर उद्यान उघडलं, पण ओरडल्यानं तोंडातले थेंब लांब उडतात म्हणून तिथल्या उद्यानांनी नियम केला की आरडाओरडा करायचा नाही. लोक म्हणाले, हे कसं जमणार? तर उद्यानाचे दोन साहेब स्वतः मास्क लावून त्या कोस्टरमध्ये बसले आणि वरनं खाली येईपर्यंत हूं की चूं केलं नाही. शेवटी पाटी येते: किंचाळायचं तर मनातल्या मनात किंचाळा.

आईनं चष्मा सारखा करून सगळा व्हिडिओ बघितला. "मयताला निघाल्यागत बसल्यात की रं दोघं!"

ही सूचना कोल्हापुरात कुणी लावली असती तर काय झालं असतं, यावर मग उजळाईवाडीपर्यंत चर्चा. आमच्याकडं माणूस हळू बोलला तर समोरचा विचारतो, "काय, बरं वाटंना काय?"

भाच्याकडं माहितीचा साठाच होता. डिस्नेच्या उद्यानांपैकी शांघायचं डिस्नेलँड टाळेबंदीनंतर सगळ्यांत आधी, 11 मे 2020 ला उघडलं. एरवी तिथं दिवसाला 80 हजार माणसं मावतात. सरकारनं मर्यादा घातली 30 टक्क्यांची, म्हणजे 24 हजार. कंपनी तर म्हणाली, सुरुवातीला आम्ही त्याहूनही कमी घेऊ. 24 हजार म्हणजे तिथं तुरळक! चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर उभ्या राहिलेल्या माणसालाच हे पटेल.

वाटेत चहाला एका हॉटेलात थांबलो. दारात पोऱ्या तापमान मोजायचं पिस्तूल घेऊन उभा. माझ्या मनगटाला लावलं, 34.1. ताईला 34. आईला 33.8. "मग मी गेले म्हण की," आई म्हणाली. पोऱ्या न हसता म्हणाला, "सकाळपास्नं समद्यास्नी एवढंच दावतंय, आज्जी. जावा आत." वहीत मात्र त्यानं नीट लिहून घेतलं. त्या दोन वर्षांत अशा किती वह्या भरल्या असतील, आणि त्या पुन्हा कुणी उघडल्या असतील का, देव जाणे.

गोकुळ शिरगावाजवळ हायवे सोडला. उसाच्या ट्रॉल्यांमागनं हळूहळू कणेरीत. मठ जुना, काडसिद्धेश्वरांचा. 'सिद्धगिरी ग्रामजीवन' हे संग्रहालय त्या आवारातलं. सात एकरांत खेडं उभं केलंय: बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, घरं, गोठे, विहीर, शेत आणि त्यात माणसाच्या उंचीचे सिमेंटचे पुतळे. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या सहली इथं येऊन गेल्यात. ज्यांनी ते सहलीत बघितलंय त्यांनी खरं तर बघितलेलंच नाही. मागनं बाई 'चला, चला' करत असतात आणि समोर पोरांच्या टाळक्यांशिवाय काही दिसत नाही. मीही पूर्वी मे महिन्याच्या गर्दीत असाच ढकलत बाहेर पडलो होतो.

या वेळी दारात मोठ्यांची लसीची प्रमाणपत्रं बघितली, हातावर सॅनिटायझर पडलं आणि आधीचं कुटुंब जरा पुढं जाईपर्यंत आम्हाला थांबवलं. बस, एवढंच. पण एवढ्यानं सगळं संग्रहालय बदललं होतं. सुरुवातीच्या गुहेत पतंजली, वराहमिहिर असे ऋषी आणि शास्त्रज्ञ बसलेत. तिथं आमच्या पावलांशिवाय आवाज नव्हता. बाहेर उजेडात आलो की गाव. आणि गावात आमची आई.

तिनं तिथनं ताबाच घेतला. मोटेपाशी ती इतका वेळ उभी राहिली की मागचं कुटुंब येऊन, थांबून, पुढं गेलं. मोट हाकणारा गडी, बैलजोडी, चामड्याची मोट. भाच्याला वाटलं विहिरीवर बैल गोल फिरतात. "गोल न्हाई रं, ते तेलाचा घाणा. हितं बैल धावंवरनं खाली पळत जात्यात. ही उतरण दिसती न्हवं, ही धाव. बैल खाली गेला की मोट वर. हा जाड दोर नाडा, ह्यो बारीक सोंदूर. मोट वर आली की सोंदुरानं सोंड उघडती, पाणी थारोळ्यात पडतं, थारोळ्यातनं पाटात. मग बैल उलट्या पावली माघारी." भाच्यानं विचारलं, "उलटे? रिव्हर्समध्ये?" "तर! आन् आमचे आबा त्येंच्यासंगट गाणं म्हणत. गाणं थांबलं की बैलबी थांबायचं." मास्क तिच्या नाकाखाली आला होता. आसपास कुणी नव्हतं, म्हणून मीही काही बोललो नाही.

पुढं न्हावी. झाडाखाली गिऱ्हाईक उकिडवं बसलंय आणि न्हावीदादा वस्तरा धरून. ताईला एकदम हसू आलं. 28 जून 2020 ला सलूनं उघडली तेव्हा फक्त केस कापायची मुभा होती, दाढीला बंदी. तिच्या नवऱ्यानं पुण्यात तेव्हा घरीच आरशासमोर स्वतःची मिशी तिरकी कापून घेतली होती, त्याचा फोटो तिनं अजून जपून ठेवलाय. "ह्या गावात नियमभंग चाललाय," ती म्हणाली आणि त्या वस्तऱ्याचाही फोटो काढला.

गावाच्या त्या टोकाला मिनिटभर आमच्याशिवाय जिवंत माणूस नव्हतं. आई म्हणाली, तिची आजी पिलेगाच्या गोष्टी सांगायची. उंदीर पडायला लागले की गाव उठायचं, रानात खोपटी घालून राहायचं. घरं नुसती उभी. तो प्लेग शाहू महाराजांच्या काळातला. महाराज 1894 ला गादीवर आले आणि काही वर्षांतच साथ आली. महाराजांनी वस्ती हलवून लोकांना गावाबाहेर छावण्यांत ठेवलं होतं. भाचीनं विचारलं, "म्हणजे लॉकडाऊन?" आई म्हणाली, "उलटं गं. तवा घराभाईर काढायचे, आता घरात कोंडलं."

मग आरशांचा भुलभुलैया. भाच्याचा चेहरा दिवसात पहिल्यांदा उजळला. पण अशा भुलभुलैयातनं बाहेर पडायची रीतच मुळी हात पुढं करून चाचपडायची, आणि सूचना अशी की आरशांना शक्यतो हात लावू नका. माझ्या मास्कमधली वाफ चष्म्यावर. त्यामुळं मला दहा-पंधरा धुरकट मामा दिसत होते आणि त्यातला खरा कोण याची मलाच शंका. भाचा हात पाठीमागं बांधून एक-एक पाऊल टाकत राहिला आणि दोनदा त्याच कोपऱ्यात परत आला. भाची मात्र सरळ बाहेर. कसं? ती खाली बघत चालली होती. आरसा जिथं जमिनीला टेकतो तिथं कड दिसते, मोकळ्या वाटेत दिसत नाही. सगळ्यांत बुटकी असल्याचा फायदा.

कणेरीला अर्धी माणसं आली तर बघणाऱ्याचं भलंच होतं, हे मी दुपारभर सगळ्यांना ऐकवत होतो. जेवताना, गाडीत, घरी येऊनसुद्धा. तिकीट पाच-दहा रुपयांनी वाढवा पण गर्दी अशीच ठेवा, वगैरे. ते तसंच्या तसं रंकाळ्यावर चालत नाही.

रंकाळा चौपाटी संध्याकाळी सहाला. शालिनी पॅलेसच्या बाजूनं वारं, भेळेच्या गाड्यांवर कांदा-कोथिंबिरीचे ढीग, मक्याच्या कणसाचा धूर. माणसं बऱ्यापैकी, मास्क बहुतेकांचे हनुवटीवर. एका कडेला छोटी आगगाडी, उड्या मारायची हवेची गादी आणि हातानं फिरवायचा लोखंडी पाळणा. आठ पेट्यांचा. वर पोचल्यावर तळं पूर्ण दिसेल एवढा उंच.

पाळणेवाल्यानं चार पेट्यांतच माणसं बसवली होती, एक सोडून एक. मला वाटलं नियमासाठी. तो म्हणाला, नियमासाठीबी आणि तोलासाठीबी. एका पेटीत माणसं बसली की बरोब्बर समोरच्या पेटीत तेवढंच वजन लागतं, नाहीतर जड बाजू खालीच लोंबते आणि ढकलणाऱ्याचा खांदा निघतो. पूर्वी रांगेतनं कुणालाही कुणाबरोबर बसवता यायचं. दोन पोरं इकडची, एक बाप तिकडचा, वजन जुळलं की झालं. आता एका पेटीत एकाच घरची माणसं. म्हणजे समोरच्या वजनाचं घर मिळेपर्यंत थांबायचं. आधीच गिऱ्हाईक निम्मं, त्यात फेऱ्या निम्म्या.

"आमचं खरं जत्रंवर चालतंय," तो म्हणाला. "जोतिबाचे दोन चैत गेले. गावागावच्या जत्रा गेल्या. पाळणा घरामागं पावसात." बेअरिंग गंजू नयेत म्हणून आठवड्याला तो आणि त्याचा भाऊ रिकामाच पाळणा फिरवायचे. शेजारची पोरं गोळा व्हायची, बसायचं म्हणायची. "बसवायचो की. तवा पैसे कुणाकडं मागणार?" पाळण्याचा रंग सुटलेला होता. तो सणाला लावायचा राहिला, म्हणाला.

गर्दी निम्म्यावर आणा म्हणणं तिकीट-खिडकी असलेल्याला परवडतं. खिडकीच्या आतल्या माणसाचा पगार ठरलेला असतो. इथं फेरी फिरली तरच पैसे. माझं दुपारचं सगळं व्याख्यान ताईनं तिथं एका वाक्यात परत केलं: "आता सांग की ह्यांना, गर्दी अशीच ठेवा म्हणून."

भाचा-भाची एका पेटीत बसली. समोरच्या पेटीला वजन नाही. पाळणेवाला माझ्याकडं बघायला लागला. मला उंचीवर गेलं की पोटात गोळा येतो. मी रंकाळ्याकडं बघायला लागलो. तेवढ्यात आई पुढं झाली. "मी बसते. किती वजन पायजे तुला?"

"बसा आज्जी, बरोबर हुतंय."

ताई तिच्या शेजारी बसली, दांडा लागला, दोघा भावांनी ढकलायला सुरुवात केली. पहिले दोन फेरे पोरं गप्प होती, जपानी साहेबांगत बसायची पैज लागली होती म्हणे. तिसऱ्या फेऱ्याला वरनं आईचा आवाज आला, "अगं आई अंबाबाईऽऽ!" तो कळंब्यापर्यंत गेला असणार. त्यानंतर पोरांची पैज कुठली टिकते. सगळा पाळणा ओरडायला लागला, खाली उभी असलेली माणसंसुद्धा. पाळणेवाल्याचा मास्क तेवढा नाकावर नीट होता.

उतरल्यावर मी चार तिकिटांचे पैसे काढले. त्यानं दोनचेच घेतले.

"आज्जीचं आन् तैंचं कशाचं? त्या वजनाला बसल्या हुत्या. वजनाचं तिकीट नसतंय."

"ओरडल्याचं तरी घे," आई म्हणाली. तो घेईना, ती सोडेना. मागं एक घर फेरीसाठी खोळंबलं होतं आणि त्यांनाही समोर वजन हवंच होतं. भाच्यानं संधी साधली. "काका, मी बसू? वजनाला?" तो फुकटात आणखी दोन वेळा बसला आणि तोवर आम्ही भेळ सांगितली, एक तिखट, तीन मध्यम.