अंतराळातल्या पेठा

सायन्स फिक्शन गेममध्ये कुणाला लढाया आवडतात, कुणाला यानं, कुणाला निळ्या कातडीच्या बायका. मला बाजार आवडतो. मोहीम उरकून यान धक्क्याला लागलं की जिथं आपण बंदूक पाठीला लावून निवांत हिंडतो, चार वस्तू घेतो, दोन विकतो, ज्याच्या त्याच्या भानगडीत नाक खुपसतो, ती जागा. गेमवाले तिला हब म्हणतात. आमच्या घरात तिला पेठ म्हणतात. सोलापुरात राहून दुसरं काय म्हणणार?

या पेठांचा नाद मला ‘मास इफेक्ट’नं लावला. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीची ही मालिका. पहिला भाग २००७ चा, दुसरा २०१० चा, तिसरा २०१२ चा. तिन्हींत नायक एकच, कमांडर शेपर्ड, आणि आपण पहिल्या भागात घेतलेले निर्णय तिसऱ्यापर्यंत आपल्या मागं येतात. नंतर २०१७ मध्ये ‘अँड्रोमेडा’ नावाचा वेगळ्या आकाशगंगेतला चौथा गेम आला, आणि २०२१ मध्ये पहिले तिन्ही भाग धुऊनपुसून एकत्र निघाले. भाचा खेळतो तो हाच नवा संच. त्यामुळं आमच्यात पिढीचं अंतर आहे आणि ते मुख्यतः लिफ्टवरून आहे. त्याकडं येतोच.

पहिल्या भागातली पेठ म्हणजे सिटाडेल. पाच पाकळ्या उघडून बसलेलं अंतराळ स्थानक. एकेक पाकळी जवळजवळ ४४ किलोमीटर लांब, म्हणजे इकडं सोलापूर आणि तिकडं तुळजापूर. वस्ती १ कोटी ३२ लाखांची. अर्थात आपल्याला हिंडायला मिळतात मोजके चौक आणि बोळ, बाकीचं शहर खिडकीतून बघायचं. मधोमध प्रेसिडियम नावाचं गोल कडं आहे. तिथं तळं, हिरवळ, वकिलाती, आणि सगळीकडं सरकारी शांतता. भाच्याचं पहिलं मत पडलं, “मामा, हितं काय होतच नाही ओ. नुसतं पळायचं.”

पळायचं हे खरं. पण होत नाही म्हणणं काही बरोबर नाही. वकिलातीत एक खोली आहे, ती व्होलस आणि एल्कोर या दोन जमातींना मिळून दिलेली. व्होलस बुटके, सूटबंद, दर वाक्याला फुसफुसत श्वास घेणारे, व्यवहाराला पक्के. एल्कोर हत्तीएवढे, चार पायांवर उभे, आणि चेहऱ्यावरून त्यांच्या मनातलं इतरांना काही कळत नाही म्हणून बोलण्याआधी भावना जाहीर करून टाकणारे: ‘खेदपूर्वक’, ‘उत्सुकतेनं’, आणि मग पुढचं वाक्य. व्होलसांना परिषदेत, म्हणजे आकाशगंगेचा कारभार बघणाऱ्या मंडळात, अजून जागा मिळालेली नाही, वर ऑफिसही भागीत, म्हणून त्यांचा राजदूत जो भेटेल त्याच्यापुढं धुसफुसतो. शेजारी एल्कोर त्याच संथ सुरात सौजन्य जाहीर करत उभा. ही कुरबुर शेपर्ड यायच्या आधी कित्येक वर्षं चालू असणार आणि तो गेल्यावरही चालू राहणार. आपण दार उघडलं म्हणून ती ऐकायला मिळाली, एवढंच.

बाहेर तळ्याकाठी एक हानार प्रवचन देत असतो. हानार म्हणजे तरंगणारा जेलीफिश, अत्यंत अदबशीर, स्वतःला ‘मी’सुद्धा म्हणायचा नाही. त्याच्याकडं प्रवचनाचा परवाना नाही आणि पोलीस शिपाई त्याला हटवायला आलेला. दोघंही आपापल्या जागी बरोबर. हे भांडण आपण गोड बोलून मिटवू शकतो, शिपायाला माघारी धाडू शकतो, हानारला हाकलू शकतो, नाहीतर खिशातून परवान्याचे पैसे भरू शकतो. जगाचा विनाश दाराशी आलाय, आणि आपण एका जेलीफिशच्या परवान्यासाठी पाकीट काढतोय! मालिकेतल्या कुठल्याही स्फोटापेक्षा हा प्रसंग मला जास्त लक्षात आहे.

आता लिफ्ट. मूळ पहिल्या भागात सिटाडेलवर एका भागातून दुसऱ्या भागात जायचं म्हणजे लिफ्ट, आणि ती लिफ्ट संथ म्हणजे किती संथ? यंत्राला पुढचा भाग लोड करायला वेळ लागायचा, तो झाकायला ही युक्ती. लोक वैतागायचे, विनोद करायचे. पण त्या वेळात लिफ्टमध्ये बातम्या लागायच्या, आणि त्या बातम्यांत आपणच मागच्या ग्रहावर घातलेला गोंधळ यायचा, तोही थोडा फिरवून सांगितलेला. नाहीतर सोबतचे दोघं एकमेकांशी बोलायचे. गॅरस हा माजी पोलीस, टाली ही भटक्या जहाजांवर वाढलेली मुलगी, रेक्स हा मुरलेला भाडोत्री लढवय्या. एकमेकांच्या जमातीबद्दल टोचून विचारायचे, टोचून उत्तर द्यायचे. माणसं कळायची ती तिथं. नव्या संचात लिफ्ट लवकर पोचते आणि वर स्किप करायचं बटणही आहे.

“दाबा की मामा ते.”

“बातम्या चालू हायत बे.”

“बातम्या काय घरी कमी हायत का ओ?”

दुसऱ्या भागात लिफ्टच काढून टाकल्या. बनवणाऱ्यांनाही बहुधा चुटपुट लागली असावी, कारण गॅरस आणि टाली या दोघांनाच घेऊन सिटाडेलवर गेलं तर गॅरस त्या जुन्या लिफ्टमधल्या गप्पांची आठवण काढतो. टाली त्याला शॉटगनची आठवण करून देते.

दुसऱ्या भागानं एक मोठी पेठ मोडून चार छोट्या केल्या. सिटाडेल आहे, पण आता झाकेरा वॉर्डाच्या दोन-तीन मजल्यांपुरती. आत शिरतानाच तपासणीयंत्र सांगतं की शेपर्ड मयत आहे. मधल्या काळात तो मेलेला असतोच, पैसेवाल्यांनी त्याला परत उभा केलेला. आता जिवंत असल्याची नोंद करायला किती खात्यांचे उंबरे झिजवायचे याची यादी आपण मनात सुरू करतो, तोवर तिथला पोलीस अधिकारी कॅप्टन बेली एक बटण दाबतो आणि शेपर्ड कागदोपत्री जिवंत होतो. एवढी अशक्य कल्पना बाकीच्या अख्ख्या मालिकेत नाही. पुढं दुकानांत सवलत हवी तर शेपर्डनं जाहिरात करायची: मी कमांडर शेपर्ड, आणि हे माझं सिटाडेलवरचं सगळ्यात आवडतं दुकान. प्रत्येक दुकानात तेच वाक्य, तितक्याच गंभीर आवाजात.

ओमेगा ही त्याच्या उलट पेठ. आतून पोखरलेला लघुग्रह, खनिज काढून काढून पोकळ झाला आणि त्या पोकळीत वस्ती वाढली. कायदा नाही, परिषद नाही, नगरसेवक नाही. आफ्टरलाइफ नावाच्या क्लबात वर कोचावर आरिया बसलेली असते. ओमेगावर नियम एकच, तिच्या वाटेला जायचं नाही. भाच्याला ओमेगा जाम आवडतं. तांबडा उजेड, धप्-धप् वाजणारं संगीत, दारातच राडा. मला तिथला केन आवडतो. केन हा टालीच्याच जमातीतला पोरगा, लुबाडला गेलेला, घरी परत जायला भाड्याचे पैसे नाहीत म्हणून भंगाराची टपरी टाकून बसलाय. आणि पैसे साठत नाहीत, कारण शेजारच्या मोठ्या दुकानदार एल्कोरनं दम दिलाय की माझ्यापेक्षा स्वस्त विकायचं नाही. आरियाच्या सगळ्या रुबाबापेक्षा या एका भानगडीतून ओमेगा कशावर चालतं ते जास्त कळतं.

इलियम चकचकीत, करारांच्या कागदात गुलामी बसवणारं. तिथं एक क्रोगन, म्हणजे एरवी डोकं आपटून बोलणारी जमात, आपल्या निळ्या प्रेयसीसाठी जाहीरपणे कविता म्हणत उभा असतो. कविता भयंकर आहेत. प्रेम खरं आहे. आणि टुचांका हे क्रोगनांचं अणुयुद्धानं भाजलेलं घर: राडारोडा, दगडांचं सिंहासन, माकडासारखे पायजॅक टिपायचा खेळ. एकदा बघावं, पुरे.

चारही पेठा दिसायला पहिल्या भागातल्या सिटाडेलपेक्षा सरस. तरी माझं मन तिथं टिकत नाही. ओमेगावर मॉर्डिन आणि गॅरसला सोबती म्हणून उचलायचं, इलियमवर थेन आणि समाराला. माणसं गोळा झाली, खरेदी झाली, की पेठ बंद. नंतर परत गेलं तर तेच लोक त्याच जागी तेच वाक्य बोलतात. क्रोगन तीच कविता म्हणतो. सगळा बाजार आपली वाट बघत थांबला होता आणि आपलं काम झाल्यावर त्यालाही काही काम उरलं नाही, असं वाटत राहतं.

मी हे असलं मत देतो त्याला राहतं घर कारणीभूत असावं. आमच्या पूर्व भागात यंत्रमाग चालतात. टॉवेल, चादरी. खटखट आपण जागे असलो तरी चालू, झोपलो तरी चालू, पाहुणा आला तर त्यानंच आवाज चढवून बोलायचं. टपरीवर चहाला उभं राहावं तर शेजारचे दोघं तेलुगूत सुताच्या भावावरून घासाघीस करत असतात, मध्येच हिशेबाचे आकडे मराठीत येतात, तिसरा दखनीत टोमणा मारतो. बाळीवेशीकडं जावं तर कानडी सुरू. यातलं एकही वाक्य आपल्यासाठी नसतं. आपल्याला निम्मंच कळतं, आणि त्या निम्म्यावरच उरलेलं शहर मनात उभं करायचं असतं.

तिसरा भाग नेमका हेच करतो. पेठ परत एकच, सिटाडेल, पण बाहेर युद्ध पेटलंय. गोदीत निर्वासित येऊन पडलेत, कंटेनरांच्या आडोशाला संसार, भिंतीवर हरवलेल्यांचे आणि गेलेल्यांचे फोटो. वरच्या प्रेसिडियमवर मात्र कॉफी चालू, खरेदी चालू, हॉटेलात टेबल मिळत नाही म्हणून तक्रार चालू. वर आणि खाली यांच्यात फक्त एका लिफ्टचं अंतर. आणि इथं लोक शेपर्डला बोलावून काम सांगत नाहीत. ते आपसात बोलत असतात, आपण शेजारून जाताना ऐकतो, आणि कामाची नोंद होते. कुणाला काही वस्तू हवी असते, ती आपण कुठल्यातरी ग्रहावरून आणून देतो. यावर त्या वेळी बरीच टीका झाली. चोरून ऐकणारा कमांडर, आणि नोंदवही इतकी गचाळ की वस्तू मिळाली की नाही तेही सांगत नाही. नोंदवहीबद्दलची टीका मला मान्य आहे, शब्दन् शब्द. ऐकण्याबद्दलची अजिबात नाही.

गोदीत एक मुलगी असते. आईवडील पुढच्या जहाजानं येणार म्हणून थांबलेली. तिथं पहाऱ्याला एक टुरियन, म्हणजे गॅरसच्याच जमातीतला, शिपाई आहे, ती त्याला विचारते. आपण पुढं निघून जातो. एक मोहीम करून परत येतो तर ती तिथंच, पण बोलणं पुढं सरकलंय. पुढच्या फेरीला आणखी थोडं पुढं. शिपायाला बहुधा आधीच कळलंय, तिलाही हळूहळू कळतंय, आणि दोघंही ते उघड बोलत नाहीत. या संबंध प्रकरणात शेपर्डला करण्यासारखं काही नाही. बटणच येत नाही. जग वाचवणाऱ्या माणसाला एका मुलीशी बोलायचं बटण न देणं, ही मालिकेतली सगळ्यात धीट गोष्ट असं माझं मत आहे.

आणि तो कविता म्हणणारा क्रोगन आठवतोय? तिसऱ्या भागात एका मोहिमेत तो मेलेला सापडतो, सोबत प्रेयसीसाठी ठेवलेला शेवटचा निरोप. ती आता सिटाडेलवर असते. निरोप आपण नेऊन द्यायचा. कविता तेव्हाही भयंकरच आहे. भाचा तेवढा वेळ काही बोलला नाही, मग पाणी प्यायला म्हणून उठला.

आता ‘अँड्रोमेडा’. सहाशेहून जास्त वर्षं झोपून प्रवास करून माणसं दुसऱ्या आकाशगंगेत पोचतात, तिथं नेक्सस नावाचं स्थानक, सिटाडेलच्याच धर्तीवर, अर्धवट बांधलेलं. मध्ये बंड झालेलं, बंडखोरांना हाकललेलं, त्यांनी काडारा नावाचं बंदर बळकावलेलं. कागदावर मसाला भरपूर आहे. पण नेक्ससवरचा प्रत्येक जण पाथफाइंडर येईल आणि आपलं अडलेलं काम करेल याची वाट बघत बसलाय. पाथफाइंडर आपणच. ग्रह आपण शोधायचे, पाणी आपण आणायचं, त्यांची भांडणंही आपणच मिटवायची. स्वागत जोरदार होतं, आणि मला तिथं करमत नाही. काडारा त्यातल्या त्यात बरं. तिथले लोक निदान कपाळाला आठ्या घालून बघतात.

नवा ‘मास इफेक्ट’ बनतोय हे बायोवेअरनं २०२० मध्येच सांगितलंय. भाच्याची मागणी ओमेगाची आहे, तीही पहिल्यापेक्षा मोठ्या आणि तांबड्या ओमेगाची. माझं म्हणणं, व्होलस आणि एल्कोर अजून त्याच खोलीत बसलेले पाहिजेत, भांडण तिथूनच पुढं चालू पाहिजे, आणि दार उघडल्यावर दोघांनी वळून विचारलं पाहिजे की कोण आपण, काय काम होतं. भाचा म्हणतो, “आणि लिफ्ट?”

लिफ्ट पाहिजेच. बटण नको.