पाने नसलेल्या फुलाची शिदोरी

ज्वारीच्या पिकात टारफुला कसा शिरतो, हे आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तो मुळांना चिकटतो, ताटातला रस ओढतो आणि उभे पीक पिवळे पाडतो. बाभळीवर पसरलेली अमरवेलही सर्वांच्या पाहण्यातली आहे. म्हणून थिस्मिया या पाने नसलेल्या रानफुलाबद्दल बोलू लागलो की ऐकणारा तिलाही याच पंगतीत बसवतो. थिस्मियाचे जगणे मात्र याहून पुष्कळ गुंतागुंतीचे आहे आणि ते नीट समजून घेण्याजोगे आहे, असे मला मनापासून वाटते.

मुख्यतः उष्ण कटिबंधातील दमट, सदाहरित जंगलांत आढळणाऱ्या या वनस्पतीला हिरवे पान नाही आणि हरितद्रव्यही नाही. वर्षातील बहुतेक काळ ती मातीखालीच असते. फुलण्यापुरती, काही आठवडे, ती पालापाचोळ्यातून वर येते आणि तेव्हाही तिची उंची काही सेंटिमीटरच असते. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेकारी यांना १८६६ साली बोर्निओतील सारावाकच्या जंगलात हिची एक जात सापडली. त्यांनी १८७८ मध्ये तिचे वर्णन थिस्मिया नेपच्युनिस या नावाने प्रसिद्ध केले. त्यानंतर ती कोणालाच दिसली नाही. अखेर २०१७ मध्ये, म्हणजे पहिल्यांदा सापडल्यापासून १५१ वर्षांनी, चेक संशोधकांना ती त्याच परिसरात पुन्हा फुललेली आढळली. आपल्या देशातही केरळमधील पश्चिम घाटातून थिस्मिया सह्याद्रिका या जातीची नोंद झालेली आहे.

अशा वनस्पती कुजलेल्या पाल्यावर जगतात, असे अनेक वर्षे मानले जात असे. प्रत्यक्षात पाला कुजवण्याचे काम त्या स्वतः करीतच नाहीत. मातीतील काही बुरश्या हिरव्या झाडांच्या मुळांत राहतात, झाडाला स्फुरद (फॉस्फरस) आणून देतात आणि त्याच्या बदल्यात झाडाने उन्हात तयार केलेली साखर घेतात. थिस्मिया याच बुरशीला आपल्या मुळांत घेते आणि तिच्याकडून अन्न मिळवते. म्हणजे ते अन्न मुळात आसपासच्या वृक्षांनी तयार केलेले असते, बुरशीच्या तंतूंतून प्रवास करून ते या फुलापर्यंत पोहोचते. समशीतोष्ण प्रदेशातील मोनोट्रोपा या अशाच, पण वेगळ्या कुळातील वनस्पतीबाबत स्वीडिश संशोधक एरिक ब्योर्कमन यांनी हा मार्ग दाखवून दिला. त्यांनी किरणोत्सारी कार्बन असलेली साखर झाडांत सोडली आणि तोच कार्बन पुढे मोनोट्रोपात सापडला. हे संशोधन १९६० साली प्रसिद्ध झाले.

थिस्मियाला वाचवणे एवढे अवघड का, याचे उत्तर इथेच आहे. रोपटे मुळासकट उचलून कुंडीत लावले तर तिची बुरशी आणि त्या बुरशीला पोसणारे वृक्ष मागेच राहतात. जपानमधील कोबे येथे १९९२ मध्ये आढळलेली थिस्मिया कोबेन्सिस ही जात, १९९९ मध्ये तिची जागा औद्योगिक बांधकामात गेल्यानंतर नष्ट झाली असे समजले जात होते. २०२१ मध्ये ती सुमारे तीस किलोमीटरवरील दुसऱ्या जंगलात सापडली, हे तिचे भाग्यच. पण मूळ जागा गेली ती गेलीच.

टिपेश्वर अभयारण्यातले आमचे सागवन कोरडे आणि पानगळीचे आहे, थिस्मियाला हवा तो बारमाही ओलावा इथे नाही. मात्र थिस्मिया ज्या गटातील बुरशीवर अवलंबून असते, त्याच गटातील बुरश्या आपल्या ज्वारी, तूर आणि कापसाच्या मुळांतही राहतात व पिकाला स्फुरद मिळवून देतात. वारंवार खोल नांगरट केली की त्यांचे तंतू तुटतात आणि स्फुरदयुक्त खताचा मारा वाढला की मुळे त्यांना जवळ करेनाशी होतात. पिकाखालच्या या भागीदाराकडे आपण फार कमी लक्ष देतो, याचे मला वाईट वाटते.

पावसाळ्यात टेकोडे, म्हणजे रानातली अळंबी, शोधायला जंगलात जाणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पानांविना उभा असलेला, पांढरट किंवा तपकिरी, फुले धरलेला एखादा दांडा दिसला, तर तो उपटू नये. त्याचे छायाचित्र घ्यावे, भोवती कोणकोणती झाडे आहेत ते लिहून ठेवावे आणि बाजूला सारलेला पाला परत तिथेच पसरावा.