जाता गोवली

साताऱ्यात रस्ता विचारला की माणूस अंतर सांगतो, चढ सांगत नाही. ‘हे काय, यवतेश्वर चढलात की कास, कास उतरलात की बामणोली!’ सांगणारा खोटं बोलत नसतो. तो मोटरसायकलने जातो आणि त्याच्या लेखी घाट म्हणजे खालचा गिअर टाकायची जागा. त्याचं ‘हे काय’ सायकलवर दोन तास पुरतं.

तर सातारा, यवतेश्वर, कास, बामणोली, तिथून लाँचने तापोळा, तापोळ्याहून महाबळेश्वर, मग केळघरचा घाट उतरून मेढा आणि परत सातारा, अशी ही फेरी. रस्त्याचं अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. ज्यांना ब्रेव्हेचा नाद आहे, म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवून वर कार्डावर शिक्के मारून घेणारी मंडळी, ती हा आकडा ऐकून नाक मुरडतात. मुरडू देत. सपाटीचे किलोमीटर आणि या जावळीच्या डोंगरातले किलोमीटर एकाच पट्टीने मोजणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

यवतेश्वरचा घाट आपल्या घरचाच. २०१२ पासून साताऱ्याची हिल मॅरेथॉन याच घाटातून धावते, त्यामुळे पहाटे इथे सायकलवाल्यापेक्षा पळणारे जास्त. पळणारा बाजूने जाताना ‘चला, चला!’ म्हणतो तेव्हा तो प्रोत्साहन देतोय की पुढे निघून जातोय, हे नीट ठरवता येत नाही. वर पोचलं की कासपर्यंत डोंगराच्या धारेवरून रस्ता, एका हाताला उरमोडीचं खोरं, दुसऱ्या हाताला वेण्णेचं. फुलांच्या हंगामात, ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, शनिवार-रविवारी इकडे फिरकू नये. २०१२ मध्येच पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि आता फुलं मोजायची की गाड्या, असा प्रश्न पडतो. मला हे पठार दिवाळीनंतर आवडतं. फुलं गेलेली, गवत पिवळं पडलेलं, जांभा दगड उघडा. इतक्या पातळ मातीवर एवढं सगळं फुलत होतं, हे तेव्हा कळतं. पुढे तलाव. याचं पाणी साताऱ्याच्या नळांना येतं. ते पाणी डोंगर उतरून घरी येतं आणि आपण घाम गाळत त्याच्या घरी जातो, एवढाच काय तो व्यवहार.

कासच्या पुढे रस्ता जो खाली सुटतो तो थेट बामणोलीला, कोयनेच्या पाण्याजवळ थांबतो. बारा-तेरा किलोमीटर पायडल मारायचं कारण नाही. इथेच ती जुनी म्हण आठवते, ‘येता जावली, जाता गोवली’, म्हणजे जावळीत याल खुशाल, पण जाताना गोवले जाल. जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांनी शिवाजी महाराजांना दिलेला हा इशारा, असं सांगतात. महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतली, ते काही गोवले गेले नाहीत. सायकलवाला मात्र हमखास गोवला जातो. कारण बामणोली साडेसहाशे मीटर उंचीवर, कोयना धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. आणि या खोऱ्यातून बाहेर पडणारा प्रत्येक रस्ता वर जातो. उतारावर जे फुकट मिळालं त्याचा हिशेब समोरच्या डोंगरावर चुकता करायचा आहे, हे उतरतानाच माहीत असतं, आणि तरी माणूस शीळ घालत उतरतो.

लाँच माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. सायकल पुढच्या टोकाला आडवी ठेवायची, चेनचं तेल कुणाच्या पिशवीला लागणार नाही अशा बेताने. काठावरच्या वाड्यांमधली बरीच घरं कुलूपबंद दिसतात. घरटी एखादा तरी मुंबईत, माथाडीत नाहीतर आणखी कुठे, आणि कुलूप निघतं ते गणपतीला नाहीतर जत्रेला. शेजारी बसलेल्या आजींनी सायकल नखशिखांत पाहिली.

‘कुठवर जायाचं?’

‘महाबळेश्वर, आजी. मग मेढ्यावरून सातारा.’

‘ह्याच्यावर?’

‘हो.’

आजी हसल्या नाहीत. याचं मला फार बरं वाटलं. त्यांनी सांगितलं, रस्ता नव्हता तेव्हा त्या तूप नि कोंबड्या घेऊन तापोळ्याहून महाबळेश्वरच्या बाजाराला चालत जायच्या. मग चढाची उजळणी सुरू झाली: सुरुवातीला सोपं वाटतं, जोर करायचा नाही, मग अंगावर येतो, मग निम्म्यात जरा सपाटी लागते. ‘तितं बसू नगंस. पाय गार पडत्यात, मग उठवत न्हाई. उभ्यानं पानी पी आन् चल.’ साताऱ्यातल्या दहा मोटरसायकलवाल्यांना जे सांगता आलं नसतं ते त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. मी किलोमीटर विचारले तर म्हणाल्या, ‘त्ये काय आमाला ठावं न्हाई.’

तापोळ्याहून महाबळेश्वर सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर, उंचीतला फरक सातशे मीटर. माझं आणि सायकलचं वजन मिळून नव्वद किलोच्या घरात. ते सातशे मीटर वर न्यायला हिशेबाने जेमतेम दीडशे कॅलरी पुरतात. पण शरीर मोठं उधळं: चार खाईल तेव्हा एकाचं काम करील. म्हणजे सहाशे. दोन-अडीच वडापावांत महाबळेश्वर! कागदावर इतकं स्वस्त वाटणारं काम तिसऱ्या वळणावर महाग पडायला लागतं. तिथे एक गोष्ट दर वेळी घडते. पुढे लहान दातेरी चाक, मागे सगळ्यात मोठं, ३४ दात्यांना ३२ दाते, याहून हलका गिअर सायकलला नाही हे मला पक्कं ठाऊक असतं. तरी उजव्या हाताची बोटं आपोआप लिव्हरकडे जातात आणि दाबून बघतात. लिव्हर आत जात नाही. पन्नास कदमांवर बोटं पुन्हा जातात. वेग ताशी सहा-सात किलोमीटर, म्हणजे वारा अडवत नाही, त्यामुळे कुणाच्या आडोशाने चालवण्याचाही उपयोग नाही. सपाटीवर मित्राच्या मागे लपून पंचवीस किलोमीटर काढता येतात, घाटात ज्याचं वजन त्यानेच न्यायचं. निम्म्यात खरोखरच सपाटी लागते. उभ्यानं पाणी प्यालो.

महाबळेश्वरबद्दल काय लिहायचं! मक्याची कणसं, घोडे, स्ट्रॉबेरी, आणि हॉर्न. बाजारपेठेतून सायकल हातात धरून चाललो की चढात गेली नाही तेवढी अक्कल जाते. पण हे गाव नकाशात जिथे बसलंय ते भारी आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा तिघी इथल्याच. सकाळी लाँचमधून जिच्या अडवलेल्या पाण्यावरून आलो ती कोयना दक्षिणेला उतरून कऱ्हाडला वळते आणि कृष्णेला समोरासमोर भेटते. वेण्णा केळघरच्या खोऱ्यातून मेढ्याकडे जाते आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेत मिळते. आता उतरायचं ते तिच्याच सोबतीने.

केळघर घाटात ब्रेक दाबून धरायचा नाही. वळणाआधी दाबायचा, वळणात सोडायचा. नाहीतर रिम इतकी तापते की हात लावून बघायची सोय नाही, आणि आतल्या ट्यूबचा भरवसा राहत नाही. चढात पाय दुखतात, इथे तळहात. पण वर ओढून आणलेले ते नव्वद किलो आता स्वतःहून पळतात, आणि एवढ्या वेळ ज्याला शिव्या घातल्या त्या वजनाबद्दल अचानक जिव्हाळा वाटू लागतो.

मेढ्यात चहाला थांबलो. सायकल उभी करायला जागा शोधत होतो, तर टपरीवाल्याने शेवटी आपल्याच बाकाला टेकवायला लावली.

‘श्टँड न्हाई का ह्याला?’

‘नाही.’

‘क्यारेर?’

‘नाही.’

‘मडगारबी न्हाई. घंटी?’ तो वाकून सगळीकडे बघून आला. मग किंमत विचारली. मी थोडी कमी करूनच सांगितली. त्याने चहा गाळायचा थांबवला.

‘मग पैशे कशाचे घेतले त्यानी?’

नसलेल्या वस्तूंचेच पैसे घेतात. जेवढं काढून टाकाल तेवढी किंमत वाढते, हे एका कपात समजावणं शक्य नव्हतं. मी आणखी एक सांगितला, आणि बरोबर दोन वडापाव.