एकच पेन, दोन दारं

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, 23 जून 2025 पासून जीपी सर्जरीतून, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातून, वजन उतरवण्यासाठी माउंजारो हे पेनाने टोचायचं इंजेक्शन लिहून द्यायला सुरुवात झाली. मी मिडलँड्समधल्या अशाच एका सर्जरीत फार्मासिस्ट आहे. तेव्हा फोन खाली ठेवायची सोय नव्हती. कुणी ‘आम्हाला का नाही?’ म्हणून चिडलेलं, तर कुणी ‘ज्यांचा तोंडावर ताबा नाही, त्यांच्यासाठी आमचा टॅक्स का?’ म्हणून. एकाच फोनवर दोन्ही म्हणणारेही भेटले.

पहिल्या वर्षाचा नियम असा होता: बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, किमान 40, आणि टाइप 2 मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदय-रक्तवाहिन्यांचा आजार, कोलेस्टेरॉल, स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) या पाचांपैकी चार. दक्षिण आशियाई वंशाच्यांसाठी बीएमआय 37.5, कारण आपल्याला मधुमेह कमी वजनावरच गाठतो. एकूण निकषांत सुमारे 34 लाख माणसं बसतात. पहिल्या तीन वर्षांत सोय आहे 2,20,000 जणांची.

एके दिवशी आलेले गृहस्थ बसचालक, मूळचे सोलापूरचे. फाइलमध्ये वजन 104 किलो, उंची 168, म्हणजे बीएमआय 36.8. उंचीची नोंद फार जुनी, तोंडी सांगितलेली. बूट काढायला लावून, टाचा भिंतीला टेकवून मोजली तर 166 भरली. बीएमआय 37.7. दोन सेंटिमीटरांनी माणूस रेषेपलीकडे गेला. तोंडी सांगितलेली उंची घेऊच नये ती यासाठी.

मधुमेह, बीपी, कोलेस्टेरॉल असे तीन झाले. घोरणं शेजारच्या खोलीत ऐकू येतं, पण नुसतं घोरून चालत नाही. रात्रभराच्या तपासणीचा अहवाल लागतो. ‘दिवसा डुलकी लागते का?’ विचारलं तर ‘छे, अजिबात नाही!’ उत्तर जरा जास्तच झटकन आलं. झोपाळूपणासह मध्यम किंवा तीव्र स्लीप ॲप्निया निघाला, तर गाडी चालवणं थांबवून लायसन्स खात्याला, डीव्हीएलएला, कळवावं लागतं. उपचार लागू पडला की पुन्हा चालवता येते, पण मधल्या पगाराचं काय? चौथा आजार नाही तर इंजेक्शन नाही, आणि चौथा आजार निघाला तर बस बंद. तपासणीला मात्र त्यांना राजी केलंच. प्रश्न बसमधल्या लोकांचाही होता.

मग गोळ्या पाहिल्या. मेटफॉर्मिन, ग्लिक्लाझाइड, एम्पाग्लिफ्लोझिन, तरी एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचं माप, 71. भारतातल्या मापात सुमारे 8.6 टक्के. तीन गोळ्यांनी साखर आवरत नसेल आणि वजनामुळे त्रास असेल, तर बीएमआय 35 ला, आपल्यासाठी 32.5 ला, हेच माउंजारो मधुमेहाचं औषध म्हणून 2023 पासून मंजूर आहे. चार आजार मोजायला नकोत. टॅक्सवरून फोन करणाऱ्यांपैकी कुणी या पेनांबद्दल अजून ब्रही काढलेला नाही.

माउंजारो सुरू करताना ग्लिक्लाझाइड बंद केलं, कारण दोन्ही मिळून साखर फार खाली घसरू शकते आणि माणूस स्टिअरिंगवर. सुरुवात आठवड्याला 2.5 मिग्रॅ, चार आठवड्यांनी 5. दर वेळी नवी सुई, आधी प्राइम करून, म्हणजे हवा काढून, थेंब दिसू द्यायचा, मग बटण दाबून पाचपर्यंत मोजायचं. पेनात चारच डोस असतात. तळाशी थोडं औषध उरतं, ते सिरिंजने ओढून पाचवा डोस काढणारे महाभाग आहेत. ते करू नका. मळमळ होईल, थोडं थोडं खा. पण पाठीत जाणारी जोरदार पोटदुखी सुरू झाली, तर पुढचं इंजेक्शन घ्यायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा.

“ताई, कागदावर शुगरचंच लिहा हं,” ते उठताना म्हणाले. “मंडळात वजनाचं कळलं, तर गणपतीत मोदक उचलला की सगळे माझ्याकडेच बघतील.”

नंतरच्या बाईंचा बीएमआय 43. मधुमेह नाही, बीपी आहे, दोन्ही गुडघे झिजलेले. सर्जन म्हणतात आधी वजन उतरवा. गुडघे त्या पाचांत नाहीत. बीपीमुळे 12 आठवड्यांचा ऑनलाइन वजन-कार्यक्रम मिळाला, बाकी काही नाही. भांडतील असं वाटलं होतं. उलट ‘चूक माझीच आहे’ म्हणून त्यांनीच माफी मागितली. खासगीत विकत घ्यायचं त्यांच्या मनात होतं. घेतलंत तर आम्हाला सांगा, फाइलवर नोंद करू, एवढं दोनदा सांगितलं. या औषधाने पोट उशिरा रिकामं होतं. भूल दिल्यावर पोटातलं फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. भूलतज्ज्ञाला हे आधी कळायला हवं, आणि लाजेपायी नेमकं हेच लपवलं जातं.